बंदुकीवरची दुर्बीण: ३-९×४० म्हणजे काय आणि कवठे येमाईच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग किती?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड राज्यभरच्या बातम्यांमध्ये होतं. जेमतेम तीन आठवड्यांत या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला होता. त्यात दोन लहान मुलं होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर वनविभागाच्या पथकानं थर्मल ड्रोनच्या मदतीनं रात्री बिबट्याचा माग काढला. आधी बेशुद्धीचं इंजेक्शन असलेला डार्ट मारला, पण तो लागला नाही. बिबट्या चवताळून पथकावर आला आणि शार्पशूटरनं त्याला गोळी घातली.

पिंपरखेड, जांबूत, कवठे येमाई ही सगळी एकाच पंचक्रोशीतली गावं. घोड आणि कुकडीच्या पाण्यावरचा ऊस आणि उसात बिबट्या. त्यामुळे "शार्पशूटर" हा शब्द त्या दिवसांत या भागातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. सोबत युट्यूबवरचे परदेशी व्हिडिओही फिरले. त्यात लांब नळीची रायफल, तिच्यावर जाडजूड दुर्बीण आणि दोन-तीनशे मीटरवरून एका गोळीत आडवं होणारं जनावर दिसतं. खाली कमेंटमध्ये ठरलेले प्रश्न असतात. असा स्कोप आपल्याकडे मिळतो का? कितीला मिळतो? शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी चालेल का?

स्कोप मिळतो आणि काही हजारांतही मिळतो. पण तो कशावर बसवायचा, कशावर रोखायचा आणि त्यातून नेमकं काय दिसतं, हे समजून घेतलं नाही तर पैसे वाया जातातच, शिवाय तुरुंगात जायची वेळही येऊ शकते.

व्हर्मिंट रायफल हा प्रकार काय आहे?

इंग्रजीत पिकाची किंवा पाळीव जनावरांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांना "व्हर्मिन" म्हणतात. त्याचंच अमेरिकन बोलीतलं रूप म्हणजे "व्हर्मिंट". तिकडच्या मोकळ्या माळरानांवर बिळं करून राहणारे प्रेअरी डॉग, जमिनीवरच्या खारी, कोल्ह्यासारखा दिसणारा कायोटी हे त्यांचे उपद्रवी प्राणी. लक्ष्य लहान असतं आणि अंतर मोठं. म्हणून तिथे .२२३ किंवा .२२-२५० सारख्या लहान पण अतिशय वेगवान गोळीच्या रायफली वापरतात. त्यांच्यावर ४-१६ किंवा ६-२४ पट मोठं दाखवणारे स्कोप बसवतात.

थोडक्यात, ही पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे. मोकळं रान, दिवसाचा उजेड आणि अशा शिकारीला परवानगी देणारा कायदा. कवठे येमाईच्या उसाच्या फडात रात्री साडेदहा वाजता यातली एकही गोष्ट नसते.

आपल्याकडे "उपद्रवी प्राणी" कोण ठरवतं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी कायद्यात पाचवी अनुसूची होती. उंदीर, वटवाघूळ, कावळा असे प्राणी त्यात "उपद्रवी" म्हणून नोंदलेले होते. नव्या कायद्यात ही यादीच राहिली नाही. आता दुसऱ्या अनुसूचीतला एखादा प्राणी ठराविक भागासाठी आणि ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवायचा अधिकार कलम ६२ नुसार केंद्र सरकारकडे आहे. बिहारमध्ये २०१५ साली नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबत केंद्रानं हा अधिकार वापरला होता.

रानडुक्कर आणि नीलगाय (आपल्याकडे रोही) दुसऱ्या अनुसूचीत येतात. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणं नोंदवून त्यांना मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये शासन निर्णय काढून या दोन प्राण्यांसाठी वनविभागाकडे अर्ज करून परवानगी घेण्याची पद्धत ठरवून दिली. परवानगी मिळाली तरी मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. त्याचं मटण गावात वाटता येत नाही.

बिबट्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे. तो माणसाच्या जिवाला धोका ठरला आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, असं दिसलं तरच मारण्याचा आदेश निघतो. तो आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. सरपंच, तहसीलदार किंवा आमदारालाही तो अधिकार नाही. बेकायदा मारल्यास किमान तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कायद्यात "शिकार" या शब्दाची व्याख्या फक्त जीव घेण्यापुरती नाही. जखमी करणं, फास लावणं, विष घालणं आणि यातला कुठलाही प्रयत्न म्हणजेही शिकारच. त्यामुळे "गोळी लागलीच नाही" हा बचाव होऊ शकत नाही. मात्र अंगावर आलेल्या प्राण्याला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं मारलं, तर तो गुन्हा ठरत नाही, असंही याच कलम ११ मध्ये म्हटलं आहे.

मग बंदूक कोणती मिळते?

शस्त्र कायदा १९५९ नुसार पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे साधारणपणे १२ बोअर, देता येते. शिरूरसारख्या ग्रामीण तालुक्यासाठी परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि पोलिसांचा अहवाल लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत पाच वर्षं आहे.

रायफल आणि गुळगुळीत नळी यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. रायफलच्या नळीला आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीत अशा खाचा नसतात. १२ बोअरच्या काडतुसात बहुतेक वेळा अनेक छर्रे असतात आणि ते पसरत जातात. तिचा खरा उपयोग ३०-४० मीटरच्या आत. एवढ्या अंतरासाठी नळीच्या टोकावरचा पितळी मणी पुरतो. तिच्यावर ९ पटीचा स्कोप बसवणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर लावण्यासारखं आहे.

रायफलचा परवानाही मिळतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. सामान्य नागरिकांकडे प्रामुख्यानं .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल दिसते. तिची काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात बनतात. "केएफ" ही त्यांच्यावरची खूण म्हणजे "किरकी फॅक्टरी". या रायफलवर कारखान्यातून साधी खाचेची माशी येते. स्कोप बसवायचा तर आधी बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानातून त्यासाठी माउंट बसवून घ्यावा लागतो.

एअरगनला परवाना लागत नाही, मग ती चालेल का?

सोशल मीडियावर सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहेत. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ इंच बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा जास्त ताकदीच्या एअरगनला परवाना लागतो.

पण "परवाना लागत नाही" याचा अर्थ "शिकार चालते" असा नाही. वन्यजीव कायदा हत्यार कोणतं ते विचारत नाही. ज्वारीवरचे पोपट असोत की भुईमुगातले मोर, एअरगननं टिपले तरी गुन्हाच. मोर तर पहिल्या अनुसूचीतला पक्षी.

दुसरा मुद्दा ताकदीचा. २० ज्यूलच्या एअरगनचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. .३१५ रायफलच्या गोळीची ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या वर जाते. हा फरक शंभरपटीहून अधिक आहे. रानडुकराच्या जाड कातडीवर एअरगन मारली तर ते मरत नाही. ते बिथरतं किंवा जखमी होऊन उसात शिरतं. सकाळी त्याच उसात कोयता घेऊन मजूर उतरणार असतात.

म्हणजे आपल्याकडे स्कोपचे कायदेशीर ग्राहक तीनच. एअरगननं कागदी टार्गेटवर सराव करणारे, परवानाधारक रायफलवाले आणि वनविभागासारख्या यंत्रणांचे अधिकृत नेमबाज. पुढची माहिती त्यांच्यासाठी आहे, आणि व्हिडिओ बघून स्कोप मागवायच्या बेतात असलेल्यांसाठीही.

३-९×४० हे गणित काय?

स्कोपच्या खोक्यावर हमखास दिसणारा हा आकडा. पहिले दोन अंक सांगतात की हा "व्हेरिएबल" स्कोप आहे. रिंग फिरवून वस्तू ३ पटीपासून ९ पटीपर्यंत मोठी दिसते. ९ पटीवर ठेवला तर ९० मीटरवरची वस्तू १० मीटरवर असल्यासारखी दिसते. शेवटचा ४० हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

"जितकं जास्त झूम तितका भारी स्कोप" हा मोबाईल कॅमेऱ्यावरून आलेला समज. स्कोपमध्ये झूम वाढवलं की चार गोष्टी बिघडतात.

पहिली, दिसणारा परिसर आक्रसतो. ३ पटीवर १०० मीटर अंतरावर साधारण ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ९ पटीवर तो सुमारे ४ मीटरवर येतो. आता हेच २० मीटर अंतरावर मोजा. ९ पटीवर एक मीटरपेक्षाही कमी पट्टा दिसेल. समोर आख्खा बिबट्या उभा असला तरी दिसतील नुसते ठिपके. तोंड कुठे, शेपूट कुठे, ते कळणार नाही.

दुसरी, उजेड कमी होतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला झूमनं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की ५ च्या आसपास. म्हणजे ९ पटीवर संधिप्रकाशात चित्र काळपट दिसणार. तोच स्कोप ५ पटीवर आणला की झोत ८ मिलिमीटरचा होतो आणि चित्र उजळतं. ६-२४×५० हा दिसायला भारदस्त स्कोप २४ पटीवर जेमतेम २.१ मिलिमीटरचा झोत देतो. दिवस मावळल्यावर त्याचा उपयोग शून्य.

तिसरी, हाताची थरथर तितक्याच पटीनं वाढते. टेकू नसेल तर ९ पटीवर धनचिन्ह लक्ष्यावर ठरतच नाही.

चौथी, डोळा नेमक्या जागीच ठेवावा लागतो. डोळा जरा हलला की चित्राभोवती काळी कड येते.

म्हणून जगभर साध्या वापरासाठी ३-९×४० किंवा त्याहून लहान २-७×३२ हे आकार टिकून आहेत. परवडणाऱ्या किमतीत याच आकारांत त्यातल्या त्यात बरी काच मिळते. त्याच पैशात ६-२४ चा स्कोप देणारा विक्रेता काचेच्या दर्जातच काटकसर करत असतो.

स्वस्तात घ्यायचा तर काय तपासायचं?

बाजारात एअरगनसाठीचे ३-९×४० स्कोप साधारण दोन ते पाच हजार रुपयांपासून दिसतात. नामांकित कंपन्यांचे त्याच्या कितीतरी पट महाग असतात. कमी पैशात घेताना या गोष्टी बघाव्यात.

पॅरालॅक्स: डोळा किंचित हलवला की धनचिन्ह लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसतं, तो हा दोष. रायफलसाठीचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेले असतात. एअरगनचं टार्गेट १० ते २५ मीटरवर असतं. तिथे असा स्कोप धुरकट दिसतो आणि नेमही चुकवतो. एअरगनसाठी पुढच्या भिंगापाशी अंतर जुळवायची रिंग असलेला आणि १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्यावा.

झटका: स्प्रिंगची एअरगन ताकदीनं लहान असली तरी स्कोपसाठी खडतर असते. रायफलचा झटका फक्त मागे येतो. स्प्रिंगच्या एअरगनचा आधी मागे आणि लगेच पुढे. यानं साध्या स्कोपची आतली जुळणी ढिली होते. खोक्यावर "एअरगनसाठी योग्य" असं स्पष्ट लिहिलेलं असावं. उलट .३१५ च्या जोरदार झटक्याला एअरगनचा स्वस्त स्कोप टिकत नाही.

डोळ्यापासूनचं अंतर: रायफलवर डोळा आणि मागचं भिंग यांत निदान ८ ते ९ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. कमी असेल तर गोळी सुटताच स्कोपची कड भुवईवर आदळते. असा चंद्रकोरी व्रण मिरवणारे नेमबाज जगभर सापडतात.

क्लिक: वरची आणि बाजूची घुंडी फिरवली की "टक" आवाज येतो, तो एक क्लिक. बहुतेक स्कोपवर "१/४ एमओए" लिहिलेलं असतं. म्हणजे एका क्लिकला १०० मीटरवर नेम साधारण ७ मिलिमीटर सरकतो, २५ मीटरवर २ मिलिमीटरपेक्षाही कमी. स्वस्त स्कोपची खरी परीक्षा इथे होते. २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवून प्रत्येक टप्प्यावर कागदावर छर्रे मारायचे. शेवटचे छर्रे पहिल्या जागी परत आले तर स्कोप विश्वासाचा. नाही आले तर परतीची मुदत संपायच्या आत परत करावा.

रेघांची जागा: काही स्कोपमध्ये धनचिन्हाखाली अंतरासाठी ठिपके असतात. स्वस्त स्कोपमध्ये ते बहुधा एकाच झूमवर खरे असतात, सहसा सर्वांत मोठ्या. झूम बदललं की ते खोटं बोलतात.

माउंट: स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या कड्या. एअरगनवर बहुतेकदा ११ मिलिमीटरची खाच असते, रायफलवर वेगळी पट्टी. स्कोपची नळीही १ इंच किंवा ३० मिलिमीटर अशा दोन मापांत येते. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. चार हजारांचा स्कोप आणि दोनशेच्या कड्या हे गणित नेहमी फसतं.

नुसता बसवून चालत नाही

स्कोप बंदुकीच्या नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसतो. डोळ्याची रेघ आणि गोळीची वाट वेगवेगळ्या असतात. त्या एका ठराविक अंतरावर एकत्र आणाव्या लागतात. याला "झिरो करणं" म्हणतात. २५ मीटरवर झिरो केलेल्या एअरगनचा छर्रा पाच-सात मीटरवर नेमाच्या खालीच लागतो. त्यामुळे झिरो न केलेला स्कोप साध्या माशीपेक्षा वाईट.

हे काम रानात किंवा गच्चीवर करायचं नसतं. मागे मातीचा भक्कम बांध आणि देखरेख असलेली रेंजच हवी. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. रेंजवर गेलं की आणखी एक गोष्ट कळते. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते काहीही मोठं न दाखवणाऱ्या, बारीक छिद्राच्या साध्या साइटमधून. नेम आधी श्वास, बोट आणि सराव यांत असतो, काचेत नंतर.

रात्रीच्या उसात स्कोप काय करतो?

आता पुन्हा कवठे येमाईला येऊ. ऊस माणसाच्या दुप्पट उंच वाढतो. बांधावर उभं राहिलं तर समोरचं दहा-पंधरा मीटरच दिसतं. बिबट्या ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगानं झेप घेतो, म्हणजे २० मीटरला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात स्कोपच्या एक मीटरच्या गोलात त्याला शोधायचं, धनचिन्ह बसवायचं आणि चाप ओढायचा, हे सिनेमातच जमतं.

याहून मोठा धोका ओळखण्यातला आहे. दिवसा वीज नसल्यानं शेतकरी रात्री पाणी द्यायला जातात. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाला लागूनच असतात. अंधारात पाचट हललं म्हणून रोखलेली बंदूक कुणावर रोखली आहे, ते सांगता येत नाही. स्कोपनं "बघू तरी काय आहे" असं म्हणणं म्हणजे भरलेली बंदूक एखाद्या माणसावर रोखण्यासारखंच आहे. जगभरच्या नेमबाजांचा नियम आहे, बघण्यासाठी वेगळी दुर्बीण वापरा. ओळख पटल्याशिवाय नळी तिकडे वळवायचीच नाही.

चुकलेल्या रायफलच्या गोळीचाही विचार हवा. ती उसात थांबत नाही. वस्ती, गोठा, रस्ता काहीही ओलांडून एक-दोन किलोमीटर जाऊ शकते.

मग पथकाला तरी हे का जमतं, आणि डार्ट का चुकतो?

डार्ट गन गोळीऐवजी सुई झाडते. त्यात गॅसचा दाब अंतरानुसार कमी-जास्त करावा लागतो. दाब कमी पडला तर डार्ट आधीच पडतो, जास्त झाला तर हाड मोडू शकतं. डार्ट गोळीच्या मानानं फार हळू जातो, खाली झुकत जातो आणि वाटेत उसाचं एक पान आलं तरी दिशा बदलतो. त्यासाठी अंतर बहुतेक वेळा ४० मीटरच्या आतच लागतं. शिवाय डार्ट लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, औषध भिनायला काही मिनिटं जातात. म्हणून डार्ट मारणाऱ्याच्या शेजारी रायफलधारी नेमबाज उभा असतो. पिंपरखेडला हीच रचना कामी आली.

या पथकाची ताकद एका दुर्बिणीत नसते. उष्णतेवरून जनावर दाखवणारा ड्रोन, पशुवैद्यक, प्रकाशझोत, गर्दी लांब ठेवणारे पोलिस आणि हातात लेखी आदेश, असं सगळं एकत्र असतं. तरीही डार्ट चुकतो. एकट्या शेतकऱ्यानं चार हजारांच्या स्कोपवर विसंबून तेच करू पाहणं म्हणजे जखमी बिबट्या वस्तीजवळ सोडण्याची खात्रीच.

तेवढ्याच पैशांत आणखी काय होऊ शकतं?

स्कोपच्या किमतीत ८×४२ ची साधी दुर्बीण येते. तिचा झोत ५ मिलिमीटरहून जाड असतो, परिसर मोठा दिसतो आणि ती कुणावर रोखली तरी जीव जात नाही. संध्याकाळी बांधावरून रान न्याहाळायला ती कुठल्याही स्कोपपेक्षा सरस. त्याच पैशात एक ताकदीची विजेरी आणि गोठ्याच्या उघड्या बाजूला जाळी होते. लहान मुलांना अंधार पडायच्या आत घरात घेणं आणि रात्री पाण्याला जोडीनं जाणं, याला तर काहीच खर्च नाही.

बिबट्या दिसला तर वनविभागाची १९२६ ही "हॅलो फॉरेस्ट" मदतवाहिनी आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. त्यामुळे पिंजरा, पथक आणि पंचनामा तिथूनच होतो. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं तर शेत तसंच ठेवून फोटो काढावेत, वनरक्षकाला कळवावं आणि पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा आणि परवानगीचा, दोन्ही अर्जांचा पाया तोच कागद असतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपयांची मदत राज्य सरकारनं ठरवली आहे. गेलेला माणूस त्यानं परत येत नाही, पण हा हक्क आहे आणि तो कागदांअभावी बुडू नये.

परवानाधारक रायफल असेल, वनविभागाची लेखी परवानगी असेल, दिवसाचा उजेड आणि गोळी अडवणारा मागचा बांध असेल, तर ३-९×४० चा साधा स्कोप ३ किंवा ४ पटीवर ठेवून वापरावा. एअरगन असेल तर अंतर जुळवायची रिंग असलेला स्कोप घ्यावा आणि कागदावर मनसोक्त सराव करावा. यातलं काहीच नसेल, तर ऑनलाइन खरेदीच्या कार्टमध्ये टाकलेला तो २४ पटीचा स्कोप तिथेच राहू द्यावा आणि १९२६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करावा.